सभागृहापुढचा खड्डा

भेंडवाडीत आजवर कोणी काही बांधलं, तर ते आधी बांधलं आणि मग कोणी विचारलंच, तर विचारणाऱ्याला चहा पाजला. गोठे असेच उभे राहिले, माड्या अशाच चढल्या, खुद्द ग्रामपंचायतीची कचेरीसुद्धा अशीच झाली म्हणतात. या गावात संडास बांधायला रीतसर परवानगी मागणारा पहिला माणूस म्हणजे कृष्णकांत सावे. पालघरच्या मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते, हे कळलं की जाणकाराला पुढचं सांगायला नको. पण सांगतो, कारण तो अर्ज पुढे दिल्लीपर्यंत गेला, आणि दिल्लीला गेलेली गोष्ट आपली आपल्यापाशी ठेवता येत नाही.

साल अडुसष्टचं. बोईसरहून तारापूरला जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा धुरळा आणि ट्रक याशिवाय काही दिसत नसे. अणुवीज केंद्राचं काम जोरात होतं, आणि बोईसरला तिथल्या साहेबलोकांची वसाहत उभी राहत होती. साव्यांच्या पत्नी मंगलाबाई एकदा हळदीकुंकवाला त्या वसाहतीत जाऊन आल्या. तिथे प्रत्येक घरात संडास होता, आणि तोही घराच्या आत.

भेंडवाडीत ही सोय निसर्गाकडे होती, आणि निसर्गाची वाटणी वाडवडिलांनी करून ठेवली होती. पुरुषांनी तांब्या घेऊन पुढे खाडीच्या बांधाकडे जायचं, बायकांनी वाड्यांच्या मागे, पोफळीपलीकडच्या भेंडांच्या राईत. मागच्या बाजूला पुरुष जात नसे. वेळ कोणतीही असो आणि काम काहीही असो, पाय तिकडे वळत नसे. सुटलेली गाय तिकडे गेली, तर ती बाईमाणूस आणून देईल तेव्हाच परत यायची. साव्यांचा जन्म याच घरातला, पण आपली वाडी मागे कुठे संपते हे त्यांनी फक्त सातबाऱ्यावर पाहिलेलं होतं.

असं शेकडो वर्षं बरं चाललेलं असताना साव्यांच्या लेकीला, सुलूला, दिवस गेले. सुलू दिलेली गिरगावात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मंगलाबाईंनी दिवाळीतच डिंक नि खारका जमवायला घेतल्या. तेवढ्यात विहीणबाईंचा निरोप आला, की सूनबाई गिरगावात वाढलेली नसली तरी तिला आता इथली सवय झाली आहे. अवघडलेल्या पोरीला तांब्या घेऊन काट्याकुट्यांत धाडणार असाल, तर बाळंतपण इथंच होईल. सोय करा, सातव्यात पाठवते. नाहीतर तुम्हीच इकडे या आणि नातवंड बघून जा.

मंगलाबाईंचं माहेर केळव्याचं. कोणाचं बोलणं ऐकून घ्यायची तिथल्या माणसांना सवय नसते. पण या वेळी त्या पदर डोळ्यांना लावून बसल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण परक्या घरात व्हायचं आणि आईने तिथे पाहुणी म्हणून जायचं, याहून मोठी नामुष्की त्यांच्या लेखी दुसरी नव्हती.

"संडास बांधू," सावे म्हणाले. "त्यात काय मोठं."

तेवढ्यावर थांबून त्यांनी गवंडी बोलावला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सावे म्हणाले, "उद्याच अर्ज टाकतो."

त्याआधी त्यांनी पालघरहून संडासाचं भांडं आणलं. चिनी मातीचं, पांढरंशुभ्र, गोणपाटात गुंडाळलेलं. पालघर-बोईसर आगगाडीच्या शटलमध्ये ते बाकाखाली गेलं, पण बोईसरहून एसटीत चढल्यावर कंडक्टरने हटकलं, "आत काय हाय?"

"चिनी मातीचं भांडं," सावे हळूच म्हणाले.

"मग खाली नका ठेवू, फुटेल. मांडीवर घ्या."

कंडक्टर भला माणूस होता. त्याने दोन आसनांची जागा करून दिली, वर गोणपाट नीट सारखं करायला म्हणून जरासं सोडलंही. मामलेदार कचेरीचे अव्वल कारकून भेंडवाडीपर्यंत संडासाचं भांडं मांडीवर घेऊन, समोर बघत, ताठ बसून आले. गाडीतली निम्मी माणसं ओळखीची होती आणि सगळ्यांनी नमस्कार केला. साव्यांना दोन्ही हात गुंतल्यामुळे मान हलवावी लागली.

जागेचा प्रश्न आला. विहिरीपासून संडास किती लांब हवा, हे आरोग्य खात्याच्या परिपत्रकात होतं, आणि तेवढं अंतर मोजून दाखवता येईल असं फक्त पुढच्या अंगणातच मिळत होतं. मागे भरपूर जागा होती, पण ती मोजायला साव्यांना जाता येत नव्हतं. तेव्हा पुढेच, रस्त्याच्या तोंडावर, शेजारी शांताराम चुरीच्या ओटीसमोर खुणा झाल्या. शांतारामची पानवेल होती. पान लावणाऱ्या माणसाला बसून बोलायला वेळ फार, आणि शांतारामला सल्ला सुचायला वेळ लागत नसे.

"लोक दारात तुळस लावतात, सावे," तो म्हणाला. "तुमी ह्ये काय लावताय?"

"परिपत्रकाप्रमाणे आहे."

"परिपत्रक काडणारा कुटं जातो ते ईचारा एकदा. आनि परवानगी कसली मागताय? बांदून टाका. मी गोटा बांदला तेवा कुनाला ईचारलं?"

"तुझा गोठा बेकायदेशीर आहे, शांताराम."

"म्हशीला सांगू नका म्हंजे झालं," शांताराम म्हणाला.

ग्रामसेवकाने अर्ज दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्याकडे तीन गावं होती, पण अशा विषयाचा अर्ज एकाही गावातून आलेला नव्हता. "सावेसाहेब, तुम्ही कचेरीतले," तो म्हणाला. "मला कशात पकडायला तर हे लिहिलं नाहीत ना?" साव्यांनी खात्री दिल्यावर तो म्हणाला, की खड्डा खणायला परवानगी लागत नाही, वर बांधायला लागते, तेव्हा खड्डा खणून ठेवा, मी कागद वर पाठवतो. खड्डा खणला गेला. विटा आल्या, खड्ड्याशेजारी रचल्या गेल्या. भांडं माजघरात जुन्या लुगड्याखाली झाकून ठेवलं, आणि आला-गेला त्याला मोठा पाट समजून बसायला बघू लागला.

गावची जमीन अणुकेंद्रासाठी अधिसूचित झालेल्या हद्दीत येत होती. म्हणून पंचायतीने अर्ज पालघरला मामलेदार कचेरीकडे पाठवला. मामलेदार कचेरीत असले अर्ज छाननीला ज्या टेबलावर येत, ते टेबल साव्यांचं होतं.

सावे आपल्याच अर्जाकडे बराच वेळ बघत बसले. दुसरा कोणी असता तर सही ठोकून मोकळा झाला असता. साव्यांनी नियमाने छाननी केली. अर्जदाराने नकाशाच्या तीन प्रती जोडलेल्या नाहीत, दोनच जोडल्या आहेत, अशी त्रुटी काढली. ती घरी जाऊन पूर्ण केली. आणि मग शेरा मारला: 'अर्जदार व प्रस्तुत लिपिक ही एकच व्यक्ती असल्याने निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने प्रकरण वरिष्ठांच्या मार्गदर्शनार्थ ठाण्यास सादर.' या शेऱ्याचा त्यांना मनातून अभिमान वाटला. ठाण्याच्या जिल्हा कचेरीला तो वाटला नसावा, कारण तिथून पुढे काहीच आलं नाही.

"उद्या या," असं साव्यांनी आजवर कितीजणांना सांगितलं असेल. आता रोज संध्याकाळी घरी आल्यावर मंगलाबाई विचारायच्या, "आलं का?" आणि सावे म्हणायचे, "उद्या येईल."

या सुमारास खासदार विश्रामभाऊ कोरे गावात आले.

विश्रामभाऊ विरोधी बाकांवरचे. दोनदा पडून तिसऱ्यांदा निवडून आलेले, आणि पडायची सवय मोडलेली नसल्यामुळे बोलताना भीती नव्हती. त्यांचा विषय ठरलेला होता: घरं आणि पंचायती. "देशात एवढ्या दोनच गोष्टी खऱ्या आहेत," ते म्हणत. "बाकी सगळं परराष्ट्र धोरण." खांद्याच्या पिशवीत लोकसभेच्या छापील कामकाजाचे अंक असायचे. कुणी पाणी विचारायच्या आत भाऊ त्यातला स्वतःचा पुरवणी प्रश्न काढून वाचून दाखवत, आणि शेवटी कंसात छापलेलं 'गोंधळ' हेसुद्धा वाचत. झोपडी, चाळ, घरपट्टी, सरपंचाचे अधिकार, गावच्या गटारांचे अनुदान, असा एक विषय भाऊंनी सोडलेला नव्हता. सरकारही प्रत्येकाला उत्तर देत होतं. गटारं मात्र होती तशीच होती, पण तो भाऊंचा दोष नव्हता.

ते आले होते शांतारामकडे, पानवेलवाल्यांच्या सभेला. ओटीवर बसले आणि समोर खड्डा दिसला.

"हे काय?"

सरकारी नोकराने राजकीय माणसापुढे तक्रार मांडायची नसते. सावे आपल्या अंगणात हात बांधून गप्प उभे राहिले. शांतारामने त्यांची उणीव भरून काढली. दिवाळीपासूनचा सगळा वृत्तांत त्याने सांगितला, एसटीतल्या भांड्यासकट.

विश्रामभाऊ उठून खड्ड्याच्या काठाशी आले. "साव्यांनू, हा खड्डा नाही," ते म्हणाले. "हे सरकारचं धोरण आहे."

"पण भाऊ, ग्रामपंचायत हा राज्याचा विषय," साव्यांना राहवलं नाही. "लोकसभेत तो घेता येणार नाही."

"पंचायत राज्याची, पण अणुशक्ती कोणाची? केंद्राची. तुमचा संडास अणुशक्तीच्या हद्दीत आहे." भाऊंचा चेहरा उजळला होता. "अध्यक्षांना नाही म्हणता येणार नाही. तुम्ही फक्त बघा."

मंगलाबाईंनी दारातून विचारलं, "भाऊ, सातव्या म्हैन्याच्या आत होईल ना?"

"ताई, हिवाळी अधिवेशनात घेतो," भाऊ म्हणाले.

घेतला. उत्तर आलं, की माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. भाऊंनी हे उत्तर मुद्दाम येऊन वाचून दाखवलं. ते खूश होते. माहिती गोळा करायला सरकारला भाग पाडणं, हाच अर्धा विजय असतो म्हणाले. उरलेल्या अर्ध्याची वाट बघत असताना मुंबईच्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली, 'अणुभट्टीच्या सावलीत शौचकूपाचा वनवास', आणि खाली साव्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट.

साव्यांच्या सात पिढ्यांत कोणाचं नाव छापून आलं नव्हतं. आलं ते असं आलं. कचेरीत शिपायापासून सगळे अचानक त्यांच्याशी अदबीने वागू लागले आणि पाठ वळली की हसू लागले. गिरगावात विहीणबाईंनी ते कात्रण शेजारणींना दाखवलं. साव्यांना इतकं लागलं, की ते दोन आठवडे शटलमध्ये वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाच्या समोर बसले नाहीत.

मामलेदारसाहेबांनी बोलावून घेतलं. ते तरुण होते, नवे होते, आणि वरून ठाण्याचा फोन आलेला होता. "सावे, राजकीय दबाव आणल्याबद्दल तुमच्याकडून खुलासा मागवावा लागेल. तसं पत्र तयार करा."

कचेरीत असली पत्रं सावेच तयार करत. त्यांनी स्वतःला उद्देशून कडक भाषेत पत्र लिहिलं, साहेबांची सही घेतली, पोच म्हणून स्वतः सही केली, आणि दुसऱ्या दिवशी तितक्याच नम्र भाषेत खुलासा लिहून स्वतःकडेच दाखल करून घेतला. साहेब म्हणाले, "पत्र फार छान झालं होतं, सावे. खुलासा जरा कमी पडला."

आणि मग आला तो आदेश. प्रकरण सभागृहापुढे असल्यामुळे सदर खड्डा आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावा. बुजवू नये, वाढवू नये, त्यावर वा त्यालगत काही बांधू नये. ग्रामसेवकाने येऊन खड्ड्याचं माप घेतलं आणि त्यात कोणी पडू नये म्हणून भोवती दोरी लावली.

साव्यांनी तो कागद घरी वाचून दाखवला. मंगलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आनि पोर?" त्या म्हणाल्या.

"भाऊ अर्थसंकल्पीय अधिवेशनात कपात सूचना आणणार आहेत. म्हणजे अणुशक्ती खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत अशी. त्यावर चर्चा होते."

"कोटीचं खातं त्यांचं. शंभर रुपयांनी त्यांना काय व्हनार?"

"ते रुपये महत्त्वाचे नसतात, मंगला. ती पद्धत आहे."

"मंग ते शंभर आमाला द्यायला सांगा, आमी बांदतो," मंगलाबाई म्हणाल्या, आणि भाकरी उलटली. दुसरी थापायला घेत म्हणाल्या, "त्या सभागृहाला लेकीबाळी नसतीलच."

साव्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण काही चुकीचं केलेलं नाही, प्रत्येक पायरी नियमाने चढलो, आणि तरी आपली लेक आपल्या घरी येत नाही, हे त्यांना कुठे मांडताच येईना. खरोखर वाईट वाटलं त्यांना. अर्ज न करता बांधून टाकावं असा विचारही एकदा मनात आला, पण अंगणात दोरीच्या आत खड्डा होता आणि देशाचं लक्ष त्याच्यावर होतं.

पुढे मंगलाबाई संडासाचं नाव काढेनाशा झाल्या. साव्यांना वाटलं, बिचारीने आशा सोडली. माजघरातलं भांडंही दिसेना. विचारलं तर म्हणाल्या, "माळ्यावर टाकलाय. किती दिस अडचन सोसायची?" मग खड्ड्याशेजारच्या विटा कमी होऊ लागल्या. साव्यांनी ओळखलं की हे शांतारामचं काम. गोठ्याला भिंत घालत असणार. विटांसारख्या गोष्टीवरून शेजाऱ्याशी भांडणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं, तेव्हा त्यांनी शांतारामशी बोलणं बंद केलं. शांतारामला ते बरेच दिवस कळलं नाही, कारण त्या ओटीवर बोलायचं काम एरवीही तोच करत असे.

दिल्लीत कपात सूचना आली, चर्चा झाली, भाऊ पाऊण तास बोलले आणि सूचना फेटाळली गेली. आणि अचानक विहीणबाईंचा निरोप आला, की सुलूला पाठवते आहे.

साव्यांनी निरोप दोनदा ऐकला. "बघितलंस?" ते म्हणाले. "वर्तमानपत्रात नाव आलं की माणसं विचार करतात."

"हो तर," मंगलाबाई म्हणाल्या.

सुलू आली. घर भरलं. सावे सकाळी शटलने जात, संध्याकाळी येत, लेकीला लिंबाचं लोणचं वाढत. ती सोयीला कुठे नि कशी जाते, हे विचारायचा प्रश्नच नव्हता. बायकांचं बायका बघतात.

एप्रिलात खासदारांचं एक पाहणी मंडळ अणुकेंद्राच्या वसाहतीची घरं बघायला बोईसरला आलं. विश्रामभाऊंनी ते बरोबर हेरलं होतं. वसाहत बघून झाल्यावर त्यांनी मंडळाच्या जीपा भेंडवाडीकडे वळवल्या. मामलेदार, ग्रामसेवक, आणखी कोण कोण साहेबलोक धुळीत माखून साव्यांच्या अंगणात उतरले. मंडळात एक बाईही होत्या, सत्ताधारी पक्षाच्या, उत्तरेकडच्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत. त्या सकाळपासून जीपमध्ये होत्या आणि चेहरा ओढलेला होता.

साव्यांनी कोट घातला होता. भाऊंनी काठावर उभं राहून सुरुवात केली. खड्डा सगळ्यांना दाखवला, दोरी दाखवली, गोष्ट दिवाळीपासून सुरू केली. बहनजींनी मंगलाबाईंच्या कानाशी काहीतरी विचारलं. मंगलाबाई त्यांना घेऊन घराला वळसा घालून मागे गेल्या. कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, सगळे खड्ड्यात बघत होते.

भाऊ रंगात आले होते. "या देशात अणू फोडला जातो," ते म्हणत होते, "पण या गावातल्या एकाही माउलीला..."

तेवढ्यात बहनजी परत आल्या. तोंडावर पाणी मारलेलं, चेहरा एकदम प्रसन्न. "कोरेजी," त्या म्हणाल्या, "व्यवस्था तो बहुत अच्छी है. साफसुथरी. हमारे यहाँ के बंगले में ऐसी नहीं है."

भाऊंचा हात वर होता तो वरच राहिला. "कुठली व्यवस्था?"

"पीछे. पक्की दीवार है, दरवाज़ा है, पानी की टंकी है."

साव्यांनी मंगलाबाईंकडे बघितलं. मंगलाबाई पोफळीच्या शेंड्याकडे बघत होत्या. शेजारच्या बायका कुंपणाला उभ्या होत्या. त्यातल्या एकीलाही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. आणि साव्यांना एका क्षणात सगळं दिसलं: विटा, भांडं, विहीणबाई. शांतारामचीही आठवण झाली आणि मान खाली गेली.

मामलेदार पुढे आले. "सावे, हे बांधकाम कोणाच्या परवानगीने? आदेश असताना? तुम्ही माझ्या कचेरीतले." ते ग्रामसेवकाकडे वळले. "चला मागे. पंचनामा करा. अनधिकृत असेल तर आजच पाडावं लागेल."

सुलू दाराची चौकट धरून उभी होती. आठवा लागला होता, उभं राहणंही अवघड होतं. ती बापाकडे बघत होती. साव्यांची नोकरी दोन वर्षांनी संपायची होती. खरं सांगायचं, तर परवानगी नव्हती. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि कचेरीतल्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"पंचनाम्याला हरकत नाही, साहेब. पण ती बायकांची बाजू आहे. तिकडे पुरुष जात नाही. मी या घरात जन्मलो, मीही कधी गेलेलो नाही. आता पंच लागतात दोन, गावातले प्रतिष्ठित. त्यांनी जाऊन डोळ्यांनी बघायला हवं. कोण जाणार तेवढं आपण ठरवा."

मामलेदारांनी शांतारामकडे बघितलं.

"मी नाय बा," शांताराम म्हणाला. "माजी आय अजून जित्ती हाय."

ग्रामसेवक आधीच दोन पावलं मागे सरकला होता. कुंपणापलीकडच्या बायकांनी पदर खोचले होते.

"मग नुसती नोंद करू," मामलेदार म्हणाले.

"न बघितलेल्याची नोंद केली, साहेब, तर तो खोटा पंचनामा होतो. खाली सही आपली असेल."

मामलेदारांनी रुमालाने मान पुसली. बहनजींनी जे पाहिलं ते संसदेने पाहिलं होतं, शासनाने नव्हतं. शासनाला फक्त खड्डा दिसत होता. तो त्यांनी पुन्हा एकदा मोजायला लावला, माप मागच्याइतकंच भरलं, आणि जीपा निघून गेल्या.

संध्याकाळी सावे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "कोणी बांधला?"

"खड्डा भागीनं खनला, कॉलनीत कामाला जाते ती. भिंती तिच्या घोवानं, बुधानं. त्याला मागं आमीच नेला, नि आळीतल्या बायका पाळीपाळीनं पारा करायचो, काम चालू असताना."

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितला असता तर तुमी परवानगी मागितली असती," मंगलाबाई म्हणाल्या, आणि ताट वाढलं.

जेवून उठल्यावर ते शांतारामच्या ओटीवर गेले आणि त्याच्याशी बोलू लागले. शांतारामला कळेना की आज हे आपणहून कसे बोलायला लागले.

मे महिन्यात सुलू सुखरूप बाळंत झाली. मुलगी. विहीणबाई स्वतः बारशाला आल्या, चार दिवस राहिल्या, आणि जाताना माजघरापेक्षा मागच्या बाजूचंच कौतुक जास्त करून गेल्या.

बारशाला विश्रामभाऊही आले. पाळण्याला हात लावला, बाळाला आशीर्वाद दिला, पण तोंड उतरलेलं होतं. पिशवीतून त्यांनी एकच अंक काढला आणि न वाचता साव्यांच्या हातात ठेवला. मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं होतं, की सन्माननीय महिला सदस्यांनी समक्ष पाहणी केली असून सदर ठिकाणी समाधानकारक सोय उपलब्ध आहे. सबब प्रश्न उद्भवत नाही. आता देशातला कोणीही अधिकारी तो संडास पाडू शकत नव्हता, कारण तो लोकसभेत छापून आला होता.

"दोन अधिवेशनं भांडलो मी, ताई," भाऊ म्हणाले. "आणि तुम्ही बांधून मोकळ्या झालात. भर सभागृहात माझं हसं झालं."

मंगलाबाईंनी त्यांच्यापुढे घुगऱ्या ठेवल्या. "भाऊ, तुमी भांडलात म्हनून तर बांदून झाला. समदी पुडच्या खड्ड्यात बघत व्हती. तुमी नसतात तर कुनीतरी मागं बघितला असता."

भाऊंनी हे नीट ऐकलं. घुगरीचे चार दाणे खाल्ले. इतक्या वर्षांत आपल्या भाषणाने एक तरी गोष्ट बांधली गेली, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं असावं, कारण ते जरा सरसावून बसले. मग साव्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बघू तरी एकदा. शिवाय दुपारपासून मला जरा..."

"भाऊ, ती बायकांची बाजू आहे. तिकडे आपल्याला जाता येत नाही."

"म्हणजे? आणि तुम्ही?"

सावे उठले. कोनाड्यातले दोन तांबे भरले, एक भाऊंच्या हातात दिला, आणि दोघे खाडीच्या बांधाकडे चालू लागले. मागे घरात बाळाने सूर लावला होता. दोरीतल्या खड्ड्याजवळून जाताना भाऊ थबकले. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती.

"म्हणजे पुरुषांची सोय अजून नाहीच," ते म्हणाले. "साव्यांनू, पावसाळी अधिवेशन तोंडावर आहे. तुम्ही फक्त एक अर्ज टाका."

"सोमवारी बुधाला बोलावलंय," सावे म्हणाले. "विटा शांताराम देतोय."

"आणि अर्ज?"

"प्रश्न उद्भवत नाही," सावे म्हणाले, आणि त्यांनी भाऊंना बांधावरून जपून उतरायला सांगितलं, कारण ओहोटी लागली होती आणि खाली चिखल होता.